मजुरी आणि मान : बाबू हरदास एल. एन. यांच्या कार्यातला तात्त्विक प्रश्न

बाबू हरदास एल. एन. (६ जानेवारी १९०४ – १२ जानेवारी १९३९) हे कामठीचे बिडी मजुरांचे संघटक, विदर्भातील दलित चळवळीचे नेते आणि १९३७ साली नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते. हरदास लक्ष्मणराव नगराळे हे त्यांचे पूर्ण नाव. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते आणि बहुतेकांना त्यांची ओळख तेवढीच असते. परंतु त्यांच्या अवघ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यातून एक तात्त्विक प्रश्न सतत डोके वर काढतो. कष्टकऱ्याची गुलामी मजुरीच्या दरात असते की त्याच्या वाट्याला येणाऱ्या मानहानीत? मजुरी वाढली की मान आपोआप मिळतो का? मान मिळवायचा तर धर्मालाही जाब विचारावा लागतो का? कामगार चळवळ, धर्मचिंतन आणि कायदेमंडळ या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या माणसाचे कार्य त्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी फार मोलाचे आहे.

जीवनक्रम

हरदासांचा जन्म कामठीच्या एका महार कुटुंबात झाला. वडील रेल्वेत कारकून होते. कन्हान नदीकाठचे कामठी हे १८२१ साली वसवलेले इंग्रजांचे छावणीचे गाव. छावणी आणि रेल्वे यांमुळे तिथल्या काही अस्पृश्य कुटुंबांना गावगाड्याबाहेरची नोकरी आणि थोडे शिक्षण मिळू शकले. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. आर्यसमाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे ते संस्कृत शिकले. ज्या भाषेतल्या ग्रंथांचा दाखला देऊन आपल्या समाजाला दूर ठेवले गेले, ती भाषाच त्यांनी शिकून घेतली.

सतराव्या वर्षी, १९२१ मध्ये, त्यांनी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक काढले. पुढच्या वर्षी महार समाज ही संघटना आणि तिचे स्वयंसेवक पथक उभे केले. स्त्रियांना काम शिकवणारा महिलाश्रम, १९२७ मधली कामठीची रात्रशाळा आणि संत चोखामेळा वाचनालय ही त्यांची पुढची कामे. १९२८ मध्ये त्यांची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी भेट झाली आणि त्यानंतर ते आंबेडकरी राजकारणाचे विदर्भातील प्रमुख कार्यकर्ते बनले. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित परिषद भरली. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला. तेव्हा हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांना तार करून आंबेडकरांचे नाव कळवले आणि इतरांकडूनही तशा तारा पाठवल्या. मे १९३२ मध्ये मुनिस्वामी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली कामठीतच दलित परिषद झाली. तिच्या स्वागत समितीची धुरा हरदासांकडे होती. ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, तेव्हा या प्रांतातल्या त्याच्या बांधणीत ते आघाडीवर होते. पुढच्याच वर्षी ते आमदार झाले. क्षयाच्या आजारामुळे त्यांना विधानसभेत दोन वर्षेही धड मिळाली नाहीत.

बिडीचा धंदा आणि त्यातली गुलामी

हरदासांच्या कामगार कार्याचे क्षेत्र गिरणी नव्हते, बिडी होते. हा फरक तात्त्विक दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीत भोंगा होता, हजेरी होती, हजारो माणसे एका छपराखाली होती. त्यामुळे मजूर परस्परांना ओळखत, संप करू शकत. बिडी मजुराला यांपैकी काहीच नव्हते. तेंदूची पाने आणि तंबाखू सट्टेदाराकडून (कंत्राटदाराकडून) घ्यायची, घरात किंवा पडवीत बसून बिड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसणाऱ्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने असत. माल परत देताना सट्टेदार ‘छाट’ काढी. म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या बाजूला करी आणि त्यांची मजुरी देत नसे. कोणती बिडी खराब, हे तोच ठरवी.

हा प्रसंग नीट पाहिला तर मजुरी आणि मान किती घट्ट जोडलेले आहेत ते कळते. छाटीत मजुराचे पैसे जातात हे उघडच आहे. पण त्याच वेळी त्याच्या कामाविषयी त्याचे म्हणणे ऐकायलाच नको, असेही ठरून जाते. दाद कुठे मागायची, हा प्रश्नच त्याला पडू नये अशी ती व्यवस्था असते. यंत्रशक्ती न वापरणारी छोटी कामाची ठिकाणे बहुतांशी कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहत, मग घरी बसून काम करणारी बाई कायद्याला दिसणार कुठून? १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेला मान्यता दिली होती, पण विखुरलेल्या माणसांना एकत्र आणण्याचे काम कायदा करू शकत नव्हता.

हरदासांनी बिडी मजुरांना संघटित केले. त्याबरोबरच मजुरांना सट्टेदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिड्या तयार करण्याचा उद्योगही उभा केला. या दुसऱ्या मार्गामागे एक स्पष्ट विचार दिसतो. संघटना मालकाकडून जास्त मजुरी मागते, पण मालक आणि मजूर हे नाते तसेच राहते. सहकारात माल, हिशेब आणि निर्णय मजुराच्या हाती येतात. चांगली बिडी कोणती, हे तो स्वतः ठरवतो. जास्त पैसे मिळणे आणि आपल्या कामावर आपला अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव या प्रयोगातून दिसते.

श्रम आणि धर्म

हरदासांच्या कार्याची दुसरी बाजू धार्मिक आहे. १९२४ मध्ये त्यांनी ‘मंडल महात्म्य’ ही पुस्तिका लिहून फुकट वाटली. देवादिकांच्या खेळांत आणि कर्मकांडात समाजाचा वेळ, पैसा आणि विचारशक्ती खर्च होते, हे त्यांना पटवून द्यायचे होते. मूर्तिपूजेला त्यांचा विरोध होता, अंधश्रद्धांना होता, आणि अस्पृश्यांच्या आपसांतल्या पोटजातींच्या भिंतींनाही होता. तरीही ते सरसकट परंपरा नाकारणारे नव्हते. चोखामेळ्याच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी सहभोजन घडवीत आणि सर्व पोटजातींना एका पंगतीत बसवीत.

चोखामेळ्याची निवड सहज झालेली नाही. नागपूर भागात तिला पूर्वपरंपरा होती. किसन फागूजी बनसोड (१८७९–१९४६) यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली होती आणि ‘मजूर पत्रिका’ नावाचे पत्रही चालवले होते. संत आणि मजूर ही दोन नावे या चळवळीत प्रथमपासून सोबत चालतात. चोखामेळ्याच्या चरित्रातही ती एकत्र आलेली आहेत. परंपरेनुसार मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि त्याखाली सापडून इतर मजुरांबरोबर चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थी दारापर्यंत पोहोचल्या, पण चोखोबांच्या जातीच्या माणसांना त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडले. वेठीला धरलेला मजूर आणि उंबऱ्याबाहेर ठेवलेला भक्त हा एकच माणूस होता.

यातून हरदासांच्या प्रश्नाचा गाभा दिसतो. कोणते काम कोणी करावे, हे जन्माने ठरते आणि त्या ठरण्याला धर्माची मान्यता असते, तेव्हा मजुराची लढाई केवळ मालकाशी राहत नाही. त्याचे हलके स्थान न्याय्य आहे, असे त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही शिकवलेले असते. सूतकाम करणारा, रूळ टाकणारा आणि बिडी वळणारा हे तिघेही गरीब असले, तरी तिसऱ्याच्या हातचे पाणी पहिले दोघे पीत नसतील तर त्यांची एकजूट कागदावरच राहते.

तीन उत्तरे

१९३० च्या दशकात या प्रश्नाला तीन प्रमुख उत्तरे दिली जात होती.

पहिले उत्तर साम्यवाद्यांचे. त्यांच्या मते उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत, हा पाया आहे. धर्म, जात आणि रूढी त्या पायावर उभ्या राहतात. मालकी बदलली की बाकीचे बदलेल, म्हणून जातीचा प्रश्न वेगळा काढणे म्हणजे मजुरांच्या एकीला तडा देणे. या उत्तरात मोठे तथ्य आहे. पोटाला नसेल तर मानाच्या गोष्टी पोकळ ठरतात. पण प्रत्यक्षातला एक अनुभव या उत्तराला अडवतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जिथे मजुरी जास्त त्या खात्यात, घेतले जात नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा पुढे केला. इथे भांडवलदाराने नव्हे, सहकाऱ्याच्या विटाळाच्या कल्पनेने मजुरी कमी केली होती. म्हणजे मान नाकारला गेला म्हणून पैसाही नाकारला गेला.

दुसरे उत्तर गांधीजींचे. त्यांनी अस्पृश्यतेला पाप म्हटले, तिच्याविरुद्ध आयुष्य वेचले आणि सर्व कामे सारख्याच योग्यतेची मानली. मात्र १९३६ मध्ये आंबेडकरांच्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणाला ‘हरिजन’मधून उत्तर देताना त्यांनी वर्णाचा आदर्श जपला. वडिलार्जित व्यवसायातून उपजीविका करावी आणि त्यात उच्चनीच मानू नये, असा त्यांचा आशय होता. माणसांच्या हृदयपरिवर्तनावरची त्यांची श्रद्धा थोर आहे. अडचण अशी की ज्याला काम निवडायची मोकळीक नाही, त्याच्या कामाला कितीही पवित्र म्हटले तरी त्याची बेडी सुटत नाही. मानात निवडीचे स्वातंत्र्य असावेच लागते.

तिसरे उत्तर आंबेडकरांचे. हरदासांचे कार्य त्याच वाटेवरचे आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी त्या भाषणात मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी मजुरांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात असे त्यांना म्हणायचे नव्हते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणत्याही जातीत असो, असा तो अर्थ होता. या मांडणीत एक शत्रू हरला की दुसरा आपोआप पडेल, असे आश्वासन नाही. दोघांशी एकाच वेळी लढावे लागते.

जगाच्या तत्त्वचिंतनातही या उत्तराला आधार सापडतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या बदल्यात दुसरे काही देता येते त्याला किंमत असते. माणसाच्या बदल्यात काहीच देता येत नाही, म्हणून त्याला प्रतिष्ठा असते. श्रमाला बाजारात किंमत मिळते, पण श्रम करणारा माणूस त्या किमतीत मावत नाही. हरदास कामठीत काम करत होते त्याच सुमारास, १९३४-३५ मध्ये, फ्रेंच विचारवंत सिमोन वेल पॅरिसच्या अल्स्थोम आणि रेनो कारखान्यांत मजूर म्हणून राबली. आपल्याला कसलाही अधिकार नाही ही भावना थकव्याहून जास्त जिव्हारी लागते, असा तिचा अनुभव होता. जिथे जात नाही तिथेही मानहानी हे मजुराचे मोठे दुःख आहे, आणि जिथे जात आहे तिथे ते जन्मापासून सुरू होते.

अभिवादनाचा अर्थ

‘जय भीम’ची प्रथा मानाच्या याच विचारातून उगवली. मुसलमान परस्परांना भेटताना एकमेकांना सारख्याच रीतीने सलाम करतात, हे पाहून आपल्या समाजालाही स्वतःचे अभिवादन हवे, असे हरदासांना वाटले. सुरुवातीला ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर देण्याची पद्धत होती, पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च म्हटले जाऊ लागले. गावगाड्यात महाराने वाकून जोहार घालायचा आणि समोरच्याने मान हलवली तर हलवायची, ही रीत होती. नव्या अभिवादनात दोघेही बरोबरीने उभे राहतात. दिवसातून अनेकदा घडणारी ही छोटी कृती समतेचा रोजचा सराव होती. कोणताही कायदा असा सराव घडवून आणू शकत नाही.

विधानसभेतला मजूर

१९३२ च्या पुणे करारानुसार प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखल्या गेल्या. त्यांपैकी २० मध्यप्रांताच्या वाट्याला आल्या. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग संयुक्त मतदारसंघाने त्यांतला एक, अशी रचना होती. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडची विधानसभा ११२ जागांची झाली आणि १९३७ मध्ये तिथे काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. हरदासांच्या कारकिर्दीत आधी ना. भा. खरे आणि जुलै १९३८ नंतर रविशंकर शुक्ल हे प्रांताचे पंतप्रधान होते. स्वतंत्र मजूर पक्षाचा सभासद अशा सभागृहात अल्पमतातच असणार होता.

इथे प्रतिनिधित्वाचा जुना प्रश्न पुढे येतो. १७७४ मध्ये एडमंड बर्कने ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधीने स्वतःच्या विवेकाने साऱ्या राष्ट्राच्या हिताचा विचार करावा, मतदारांचा निरोप्या होऊ नये. हा विचार उदात्त आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो : सर्वांचे दुःख सभागृहाला आधीच ठाऊक आहे. ज्या सभागृहात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचे आयुष्य कोणी जवळून पाहिलेलेच नाही, तिथे सार्वजनिक हिताचे चित्र अपुरे राहणारच. मजुरांतून आलेला प्रतिनिधी हे अपुरेपण भरून काढतो. तो एका गटाची बाजू मांडतो तेव्हाच साऱ्यांच्या हिताची व्याख्या रुंदावते.

कायद्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे बिडी धंद्याच्या पुढच्या इतिहासात दिसते. १९३७ च्या मध्यप्रांत अनियंत्रित कारखाने कायद्याने बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कामाच्या ठिकाणांना प्रथमच नियम लागू केले. १९४८ मध्ये मात्र याच प्रांताने शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिड्या वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदा केला. हेतू असा की शेतीला मजूर मिळावेत. चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ही बंदी व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन म्हणून रद्द केली. शेतात काम करू न शकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची, अपंगांची आणि मुलांची रोजी या बंदीने जात होती. मजुराला माणूस न मानता नुसते मनुष्यबळ मानले की चांगल्या हेतूचा कायदाही अन्याय करतो, हे या प्रकरणाने दाखवले. बिडी कामगारांसाठी देशव्यापी स्वतंत्र कायदा १९६६ मध्ये आला.

आक्षेप आणि त्यांचा विचार

मजुरी आणि मान या दोन्हींसाठी एकाच वेळी लढण्याच्या या मार्गावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की जातीच्या आधारावर मजूर संघटित केल्याने वर्गाची एकी मोडते. पण मोडलेली एकी आधी मान्य केल्याशिवाय ती जोडता येत नाही. सहभोजनातून पोटजाती मोडणारा हरदासांसारखा माणूस फूट वाढवत नव्हता, जिथे हात पोहोचत होता तिथून सांधायला सुरुवात करत होता.

दुसरा आक्षेप असा की नवे अभिवादन, नवी पुण्यतिथी, नवे नेते म्हणजे जुन्याच व्यक्तिपूजेचे नवे रूप. हा धोका खरा आहे आणि आंबेडकरांनीही राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध कडक इशारा दिला होता. अभिवादन समतेचा सराव राहते तोवर ते मुक्तीचे साधन असते. त्याची घोषणा झाली आणि आचरण थांबले, तर आक्षेप खरा ठरतो. त्याचा निकाल अनुयायांच्या वागण्यावर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : मानाचा आग्रह भाकरी हिरावून घेतो. मेलेली जनावरे ओढायचे महारांनी सोडले तेव्हा त्यांचे उत्पन्न बुडाले, असे त्यांना हिशेब मांडून सांगितले गेले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात आंबेडकरांनी याच हिशेबाला उत्तर दिले. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, आणि हे काम इतके फायद्याचे असेल तर ते सांगणाऱ्यांनी स्वतः करावे, असे त्यांनी सुनावले. मात्र तोटा सोसायला बळ लागते, आणि ते एकट्या माणसाजवळ नसते. म्हणूनच हरदासांनी सहकारी उद्योग, शाळा आणि संघटना बरोबरीने उभ्या केल्या. मानासाठी तोटा सोसणाऱ्याच्या पाठीशी दुसरी भाकरी उभी करणे, हे त्या आक्षेपाचे व्यवहारातले उत्तर आहे.

निष्कर्ष

हरदासांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरातच आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मजूर पक्षाच्या संस्थापकाने शेवटी धम्माचा मार्ग का धरला, याचे उत्तर हरदासांच्या सुमारे अठरा वर्षांच्या कामात आधीच उलगडू लागले होते. मजुराला संघटना हवी आणि सभागृहात आवाज हवा, पण आपण कोणाहून कमी नाही ही श्रद्धाही हवी. ती श्रद्धा देणारा धर्म हवा, हिरावून घेणारा नको. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता आणि २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध केली. मान आणि मजुरी यांची हमी एकाच ग्रंथात आली.

हमी आली, तरी काम संपलेले नाही. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध देशाला २०१३ मध्येही नवा कायदा करावा लागला आणि ते काम आजही बहुतांशी ठरावीक जातींच्याच वाट्याला येते. म्हणून वेतनाची मागणी करणाऱ्या प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या सभासदांत कोण कोणाच्या पंगतीला बसत नाही हे पाहावे, आणि समतेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेने आपल्या दाराशी राबणाऱ्याला किती मजुरी मिळते हे विचारावे. मजुरी आणि मान यांतले एकच मागणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत, हा बाबू हरदासांच्या जीवनकार्याचा निष्कर्ष आहे.